रोजच्या वापरातलं नाव

त्या शनिवारी आईनं ताकात बर्फ मागितला.

"चांगले चार खडे टाक. फ्रीज आपलाच आहे."

"घसा धरेल."

"धरू दे. बहात्तर वर्षांचा घसा आहे, त्याला धरायची सवय आहे."

तिनं पेला दोन्ही हातांत घेतला, डाव्या गालाला टेकवला आणि डोळे मिटून बसली. तीन वर्षं त्या गालाला कुणी हात लावला नव्हता, तिनं स्वतःसुद्धा. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. पंख्याचा वारा लागला, उशीची शिवण टोचली, घास चावताना जबडा जरा जास्त हलला, की कळ यायची. "डेंटिस्टचं ड्रिल, पण डोळ्यातून आत," असं ती डॉक्टरांना सांगायची. ती चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती, त्यामुळे तिचं वर्णन नेमकं असायचं. कळ दहा-वीस सेकंदांची. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. तीन वर्षांत ती पेज आणि कोमट पाण्यावर आली होती, आणि तेही मान उजवीकडे कलती करून.

आता सात महिने ती सगळं खात होती. त्या शनिवारी तिनं दुपारी भाकरीचा कडक पापुद्रा मुद्दाम डाव्या दाढेखाली घेऊन चावला, माझ्याकडे बघत, लहान मुलानं काहीतरी करून दाखवावं तशी. मग माझ्या कुर्त्याकडे वळली.

"हा रंग कुणी निवडला?"

"मी."

"दुकानात दिवे गेले होते का?"

संध्याकाळी आम्ही भाजीला निघालो. फाटकाशी ती थांबली. हात कडीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"काय गं झालं?"

"ही कडी नवीन बसवली का तू?"

कडी माझ्या जन्माआधीची होती. मी हसले आणि हात पुढे करून उघडली. ती पण हसली. भाजीवाल्याशी तिनं कोथिंबिरीवरून नेहमीप्रमाणे हुज्जत घातली.

सात वाजता प्रार्थना. मिरजेत चर्चच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे आणि माझ्या आठवणीत एकही संध्याकाळ प्रार्थनेवाचून गेलेली नाही. आई मोठ्यानं नावं घेते. मस्कतला असलेला माझा भाऊ अनुग्रह, त्याची बायको, दोन्ही मुलं. थिएटरमधल्या जुन्या सिस्टर्स, त्यातल्या वारलेल्या सोडून. गल्लीतला गॅरेजवाला, ज्याचा हात मोडला होता. पाळकसाहेबांची साखर. माझं नाव त्या यादीत कधीच नसायचं. नऊ वर्षांची असताना मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तू समोरच बसलीयस की. देवाला दिसतेस." पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर सदतीस वर्षं दर संध्याकाळी मी मिटल्या डोळ्यांनी नावं ऐकत आले, आणि 'आमेन' म्हणताना माझं नाव आज पण आलं नाही हे मला कळलेलं असायचं.

"दुधावर झाकण ठेव," झोपायला जाताना ती म्हणाली. आई म्हणून ती माझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

*

सकाळी मी चहा घेऊन गेले. ती उठून बसली होती, केस विंचरलेले, पदर नीट.

"ठेवा सिस्टर तिथं," ती म्हणाली. "बीपी चहानंतर घ्या. आधी घेतलं की वर दाखवतं."

तिला नकला करायची हौस होती. मी खुर्ची ओढून बसले. "नाटकं पुरे. ब्रेडला काय लावू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पेशंटचा नातेवाईक फार सलगी करायला लागला की जुन्या सिस्टर ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं. राग नव्हता त्यात. फक्त अंतर होतं.

"तुमची ड्यूटी आठची ना? हँडओव्हर झाला का?"

"आई."

"मी तुमच्या आईच्याच वयाची आहे, खरं आहे," ती मवाळपणे म्हणाली. "रूम चांगली दिली मला. उजेड आहे. पण नाइटला बाजूच्या खोलीत कुणी झोपतं का हो? पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज येतो."

बाजूच्या खोलीत मी झोपते.

पहिल्या तासात मला वाटलं, पक्षाघात. मी तिला हात वर करायला लावले, हसायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली. तिनं सगळं केलं आणि मला शिकवलं, की हात वर करताना पेशंटचे डोळे मिटलेले असायला हवेत. पंतप्रधान कोण, वार कोणता, सगळं बरोबर. नाव विचारलं तर एस्तेर लोंढे. मुलं किती विचारलं तर एक. मुलगा, मस्कतला.

मग ती तोंड धुवायला उठली. नळाखाली दोन्ही हात धरले आणि थांबली. थिएटरची सिस्टर हात कसे धुते हे मी लहानपणापासून पाहिलं आहे: बोटांपासून कोपरापर्यंत, हात वर धरून, पाणी कोपरावरून खाली पडेल असे. निवृत्त झाल्यावरही ती वाटाणे सोलायच्या आधी तसेच धुवायची. त्या सकाळी ती वाहत्या पाण्याखालच्या आपल्या हातांकडे नुसती बघत राहिली. ते दुसऱ्या कुणाचे असावेत आणि आपल्याकडे सांभाळायला दिलेले असावेत, तशी.

*

मी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. डॉक्टर नाही, पण डॉक्टर जे वाचतात ते वाचायची मला सवय आहे. आईला जे औषध दिलं होतं त्याबद्दलचं मी सगळं वाचलं होतं. मला ते समजलं आहे असंही मला वाटत होतं.

नस म्हणजे विजेची तार नव्हे. तिच्या पातळ भिंतीत लाखो सूक्ष्म दारं असतात. निरोप आला की एक दार उघडतं, बाहेरचं सोडियम आत घुसतं. तेच सोडियम, जे जेवणातल्या मिठात असतं. त्या घुसण्याच्या धक्क्यानं पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं. रांगेतल्या माणसांनी एकमेकांना ढकलत जावं तसा दाढेतला निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथं पोचल्यावरच त्याचं दुखणं होतं. दात काढताना हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन या दारांत आतल्या बाजूनं जाऊन बसतं. सोडियमला वाट मिळत नाही. दात उपटला जातो, फक्त निरोप निघत नाही.

या औषधांची एक खोड आहे, आणि ती फार जुन्या काळापासून माहीत आहे. बंद दारात त्यांना शिरता येत नाही, किंवा फार कष्टानं शिरता येतं. दार उघडलं की ती शिरतात. म्हणजे जी नस गप्प आहे तिला ती फारशी हात लावत नाहीत. जी सारखी निरोप पाठवते, तिची दारं सारखी उघडतात, आणि तीच आधी बधिर होते. फिटच्या काही औषधांचं कामही असंच चालतं. मेंदूत जिथं गोंधळ जास्त, तिथं ती जास्त बसतात.

विराकेन याच खोडीवर बेतलेलं होतं. लिग्नोकेन तास-दोन तासांत दारातून निघून जातं. विराकेन एकदा बसलं की उठत नाही. पेशी ते जुनं दार मोडून नवीन घडवते तोपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे, ते तिथंच राहतं. तांदळाच्या दाण्याएवढी कुपी गालातून सुई घालून नसेच्या मुळाशी ठेवायची आणि तीन-तीन महिन्यांनी भरायची. कुपीतून थेंबभर औषध झिरपत राहतं आणि सगळ्यांत जास्त ओरडणाऱ्या नसेला शोधून काढतं. स्पर्श कळतो, ऊन-थंड कळतं, कारण त्या नसा शांत असतात. फक्त कळ नाहीशी होते.

डोस डायरीवरून ठरायचा. रोज संध्याकाळी फोनवर एक प्रश्न यायचा: आज शून्य ते दहापैकी किती दुखलं? पेशंटनं आकडा सांगायचा, घरच्यांनी भरायचा. कुपी तो आकडा वाचून थेंब कमी-जास्त करायची.

*

पुढचे दहा दिवस मी माझ्याच घरात ड्यूटीवर होते.

ती मला त्रास द्यायची नाही. उलट, जपायची. "बसा हो जरा, तुम्ही पण माणूस आहात," म्हणायची. मी रोज सांगत होते, मी तुझी मुलगी, सुवार्ता. तू सुवा म्हणतेस. "हो का," ती म्हणायची, आणि नीट बघायची, कारण तिला मनापासून ओळखायची इच्छा असायची. पाच मिनिटांनी मी पुन्हा सिस्टर. आपल्याला एक मुलगी आहे ही बातमी तिच्या लक्षात राहिली. ती मुलगी म्हणजे मी, हे मात्र टिकायचं नाही. पाण्यावर बोटानं लिहावं तसं व्हायचं.

जे गेलं होतं त्यात मला कसलाच क्रम दिसेना. रोज पहाटे म्हणायचं गीत गेलं, पण शाळेत एकदाच म्हटलेली कविता कडव्यांसकट आली. सही गेली. फाटकाची कडी, चर्चकडे जायची वाट, चहाच्या डब्याची जागा गेली. आणि पस्तीस वर्षांपूर्वी एकदाच टेबलावर आलेला कवठेमहांकाळचा एक मुलगा, त्याच्या पोटावर किती टाके पडले, भूल उतरताना त्यानं कोणत्या बैलाचं नाव घेतलं, ते तिनं मला असं सांगितलं की तो मुलगा आत्ताच ट्रॉलीवरून बाहेर नेला असावा. तिच्या आयुष्यातलं क्वचित घडलेलं सगळं झगमगत होतं. मधलं, रोजचं, पुसून गेलं होतं. जेवताना ती कधी मला अशा माणसांबद्दल सांगायची ज्यांना ती आयुष्यात एकदाच भेटली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

रविवारी अनुग्रहचा फोन आला. मी स्क्रीन तिच्यासमोर धरली.

"अनु," ती लगेच म्हणाली. "वाळलास. जेवतोस ना?"

"जेवतो गं. आई, ताईला ओळखत नाहीस म्हणे?"

"कुठली ताई?"

"माझी. सुवाताई. फोन धरलाय ती."

आईनं वर बघितलं, माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून त्याला म्हणाली, "ही इथली सिस्टर आहे रे. चांगली आहे, फार बोलत नाही. पण तुला बहीण कधी होती? मला सांगायचं तरी."

तो हसला. काय करावं न कळून माणूस हसतो तसा. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"मनाला लावून घेऊ नकोस, ताई," तो म्हणाला. "मला तर ओळखलं की पटकन."

"ओळखणारच. महिन्यातून दोनदा फोन करतोस ना."

मी ते टोमणा म्हणून बोलले. त्यात शास्त्र होतं हे मला दोन दिवसांनी कळलं.

*

कोल्हापूरच्या क्लिनिकमध्ये डॉ. अस्मा मुजावरांनी आईला दुसऱ्या खोलीत तपासायला पाठवलं आणि दार लावून घेतलं. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. पहिल्या दिवसापासून आईला 'सिस्टर' म्हणायच्या, आदरानं. त्यांच्या टेबलावर आईच्या मेंदूचं चित्र होतं.

"कुपीच्या खालचा पडदा पातळ झालाय," त्या म्हणाल्या. "डोस जास्त राहिला की होतो, असं आता दिसतंय. औषध मेंदूच्या पाण्यात उतरलं. आणि तिथंही त्यानं तेच केलं जे त्याला येतं."

"म्हणजे?"

"जी वाट सगळ्यांत जास्त वापरात, ती आधी बंद. बोलणं, चालणं या गोष्टी शंभर वाटांनी जातात, म्हणून त्या वाचतात. सवय, रोजची जागा, रोजचं माणूस, यांच्या वाटा त्या मानानं थोड्या असतात. इचलकरंजीचे एक गृहस्थ आहेत माझ्याकडे. बायको जाऊन चार वर्षं झाली. उठता-बसता तिचीच आठवण. आता लग्नाचा अल्बम बघून विचारतात, ही बाई कोण. मुलं म्हणतात औषध थांबवा. ते म्हणतात, कशाला? मला छान झोप लागते."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं. ती नीट लागेपर्यंत मी बघत राहिले.

"पण ती अनुग्रहला ओळखते," मी म्हणाले. "गॅरेजवाल्याला ओळखते. मलाच नाही."

"हो."

"रोज संध्याकाळी ती त्या सगळ्यांची नावं घ्यायची, डॉक्टर. प्रार्थनेत. माझं कधीच घेतलं नाही. वापराचा हिशेब असेल तर तो चुकतोय."

डॉ. मुजावरांनी चष्मा काढून पुसला.

"मोठ्यानं घेतलं नसेल," त्या म्हणाल्या.

त्या सांत्वन करत नव्हत्या. औषध कसं चालतं ते सांगत होत्या.

"त्यांची आठवण दिवसातून एकदा यायची, ठरल्या वेळी," त्या पुढे म्हणाल्या. "तुमची किती वेळा येत होती ते मोजायला माझ्याकडे काही नाही. पण औषधानं मोजलंय. घरात त्या जितक्या वेळा कडी उघडत असतील, हात धुवत असतील, त्यापेक्षा तुमची वाट जास्त बंद आहे."

मी विचारलं, "परत येईल?"

"औषध बंद केलं तर. सहा आठवड्यांत नवीन दारं तयार होतात. तुम्ही परत याल. कळही परत येईल." पडदा आता फाटल्यासारखा होता, त्यामुळे कमी डोसही थेट मेंदूतच उतरणार होता. जुनी औषधं तिला लागू पडली नव्हती, आणि हृदयामुळे ऑपरेशनची भूल झेपली नसती. दोनच रस्ते होते. कुपी गुरुवारी भरायची, नाहीतर काढायची. "निर्णय सिस्टरांचा. बाकी त्यांना सगळं समजतं. मी त्यांच्याशी बोलेन."

मी उठले तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक रेघ दाखवली. सात महिन्यांची डायरी.

"एक विचारू? डोस एवढा चढला कारण आकडा सतत आठ. मी तपासायचे तेव्हा सिस्टर चार म्हणायच्या, कधी तीन. मला वाटलं, जुन्या सिस्टर, दुखणं कमीच सांगणार. म्हणून मी घरचा आकडा खरा धरला. घरी इतकं दुखायचं?"

मी पर्स खांद्याला लावली. "बाहेर रिक्षा थांबलीय," मी म्हणाले.

*

आई चार म्हणायची. तिच्या लेखी दहा म्हणजे भाजलेलं माणूस. कुपी बसवून पंधरा दिवस झाले होते, कळा निम्म्यावर आल्या होत्या आणि हळूहळू आणखी कमी होणार होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन महिने धीर धरा.

मार्चमधली एक दुपार. ती दात घासत होती आणि ब्रश डावीकडे लागला. तिचा आवाज मी आधीच्या तीन वर्षांत हजारदा ऐकला होता. सुरुवातीला मी धावत जायचे. नंतर चालत जायला लागले. त्या दुपारी मी गेलेच नाही. स्वयंपाकघरात उभी होते. मी मिक्सरचं रिकामं भांडं चढवलं आणि बटण पूर्ण फिरवलं. तो रिकामा घरघरत राहिला आणि मी त्याच्यावर हात दाबून उभी राहिले. बंद केला तेव्हा घरात शांतता होती.

संध्याकाळी फोननं विचारलं, आज किती?

"चार," आई म्हणाली. "लिही. सुधारतंय."

मी आठ लिहिलं. आठवड्यात कळा थांबल्या, नुसती ठसठस उरली. आकडा खाली आणला तर त्या परत येतील, म्हणून ती चार म्हणाली तरी आठ, दोन म्हणाली तरी आठ. ती पलंगावर बसून समाधानानं माझ्याकडे बघायची, आणि मी तिच्यासमोर फोनवर आकडा दाबायचे.

*

गुरुवारी अकराच्या सुमाराला आम्ही क्लिनिकच्या एका लहान खोलीत होतो. पलंग, खुर्ची, खिडकीतून ऊन. आईच्या मांडीवर पॅडला लावलेले दोन फॉर्म. एक कुपी भरायचा, एक काढायचा. डॉ. मुजावर अर्धा तास तिच्याशी बोलून गेल्या होत्या. तिनं नेमके प्रश्न विचारले होते: कळ पूर्वीइतकी? पूर्वीइतकीच. किती दिवसांत? तीन-चार आठवड्यांत सुरू. आणि मग कायम? कायम.

"बसा सिस्टर," डॉक्टर गेल्यावर ती मला म्हणाली. "तुम्ही मला इतके दिवस बघताय. तुमच्याशी बोलायला बरं वाटतं. त्या मुलीला तुम्ही ओळखता का हो? माझ्या?"

"ओळखते."

"कशी आहे?"

मी खुर्चीत बसले. "साधी आहे. वाचते खूप."

"म्हणजे घरात पसारा."

"असतो."

"लग्न?"

"नाही केलं."

"कुणी विचारलं नाही, की हिनंच नाकं मुरडली?"

"दोन्ही. थोडं थोडं."

ती मोकळी हसली. हसताना तिचा डावा गाल उजव्याइतकाच वर गेला. तीन वर्षं तो हललेला मी पाहिला नव्हता, आणि आता सहा आठवड्यांनी तो पुन्हा दगडासारखा होणार होता.

"स्वयंपाक?"

"वरण चांगलं करते."

"चला. उपाशी मरणार नाही." मग तिनं विचारलं, "प्रेमळ आहे?"

"तुमच्याजवळ राहते. सुरुवातीपासून."

"ते मी विचारलं नाही."

बाहेरच्या पॅसेजमध्ये ट्रॉली गेली. तिचं एक चाक आवाज करत होतं. आईनं सवयीनं त्या दिशेला बघितलं, मग पेन उचललं आणि दुसरा फॉर्म वर घेतला. काढायचा.

"नीट विचार केलात?" मी विचारलं.

"केला. दुखणं काय असतं मला ठाऊक आहे, सिस्टर. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं पाहिलं, तीन वर्षं स्वतःचं. मला ते नको आहे. त्या कळेची आठवण आली तरी माझे हात थंड पडतात, बघा." तिनं हात पुढे केला. मी तो धरला. खरंच थंड होता. "पण पोटची पोर विसरून मी बर्फ घातलेलं ताक पीत बसू? ती कुठंतरी बसून रडत असेल. आणि तिचा यात काय दोष?"

तिनं हात सोडवून घेतला आणि लिहायला लागली. सही येत नव्हती, म्हणून एकेक अक्षर जुळवून नाव लिहीत होती. तोंडानं पुटपुटत, पहिलीतल्या मुलीसारखी. 'ए' झाला. 'स' ला वेळ लागला.

मी गप्प राहिले असते तर पुरे होतं. आणखी चार अक्षरं. सहा आठवड्यांनी एखाद्या सकाळी तिनं मला सुवा म्हणून हाक मारली असती आणि कुर्त्याला नावं ठेवली असती. डायरी कुणीच पुन्हा उघडली नसती. दिवसभरात तिच्या मनात मी किती वेळा येते ते मला आता माहीत झालं होतं, आणि मला ते परत हवं होतं. त्याची किंमत तिच्या गालानं द्यायची होती. आणि ती ती देत होती एका अशा मुलीसाठी, जिचा काही दोष नाही असं तिला वाटत होतं.

मी कागदावर हात ठेवला. पेनाची रेघ माझ्या बोटावर उमटली.

"काय झालं, सिस्टर?"

"सही करायच्या आधी एक ऐका. त्या मुलीबद्दल. मग काय ते ठरवा."

"सांगा."

"डायरीतले आकडे खोटे आहेत. डोस त्याच्यामुळे चढला."

तिचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो मला पूर्ण ओळखीचा वाटला. ही तिची थिएटरमधली नजर होती. एकदा एका नवीन मुलीनं नाडी न मोजता आकडा टाकला होता, तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती.

"चार्टवर खोटं लिहिलं?" ती हळू म्हणाली. "पेशंटच्या चार्टवर? कुणी लिहिलं?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिथं मी नव्हते. कुणीच नव्हतं. फक्त ती ऐकत होती.

"मी, आई," मी म्हणाले. "तू चार म्हणायचीस आणि मी आठ लिहायचे. तुझं दुखणं थांबावं म्हणून नाही. मला तुझं ओरडणं ऐकवत नव्हतं. तू कशीही करून गप्प व्हावीस, एवढंच मला हवं होतं."